भागीच्या गाण्यातलं पाणी

जामसरहून पोशेऱ्याकडं जायचं म्हणजे काही परदेशी जायचं नाही. जव्हारला एसटीतून उतरायचं, पुढं जीप धरायची, दुपारच्या भाकरीला माणूस पोचतो. पण ह्या शिमग्याच्या अगोदर मी गेलो तो वाट चुकत चुकत गेलो, आणि शेवटी पोचलो ती जागा तीच का दुसरी, हे मला अजून धड सांगता येत नाही. माझी लेक शाळेत शिकवते. ती म्हणाली, "बाबा, तोंडानं सांगता तसंच लिहा, काना-मात्रा मी बघते." मी चौथीपर्यंत गेलेला माणूस. तेव्हा चुकलं तर तिचं, बाकी माझं.

माझी बायको भागी दिवाळीनंतर वारली. भात झोडून झालं होतं. ताप आला, उतरला, परत आला, तो उतरलाच नाही. जायच्या अगोदर तिनं मला पितळी डबी आणायला लावली. तिच्यात लग्नातल्या बांगड्या होत्या, काचेच्या, हिरव्या. हात जाड झाल्यावर घालता येईनात, म्हणून तिनं फडक्यात बांधून ठेवलेल्या. म्हणाली, "ह्या गाण्यातल्या पाण्यात सोडा." मी म्हटलं, "बरं." आता आजारी माणसाला काय विचारत बसायचं, कुठलं पाणी आणि काय. मला वाटलं मला माहीत आहे.

गाणं मला पाठ होतं. जातं होतं तेव्हा जात्यावर, गिरणी आल्यावर भांडी घासताना, रोज तेच. असं आहे ते:

वडाला घालुनी पाठ, बाई, उंबराला दे हात
खडकाच्या पायरीनं, चढ एकटी घाट

डावीकडं देवाचा दगड, त्याला बोलू नको काही
उजवीकडं वाट फुटे, तिकडं आपलं कुणी नाही

उतर ग उतर बाई, करंजाची आली साउली
पाणी दगडाखाली निजलं, जागं झालं माझ्या पाउली

एवढंच. पुढं ती नुसती गुणगुणायची, शब्द नसायचे. माहेरची वाट आहे हे लहान पोरालाही कळेल. तिकडच्या बायका लेकीला लग्नाअगोदर असं वाटेचं गाणं शिकवतात. पोरीला वाचता येत नाही, पाटी-बोर्ड काय कामाचा? भांडण झालं, मारझोड झाली, तर गाणं म्हणत म्हणत घरी यायचं. आमच्या जामसरला ही पद्धत नाही. आमच्याकडं पोरीला म्हणतात, सांभाळून राहा. झालं.

जव्हार

मी आमच्या गावच्या वडापासून सुरुवात केली. वडाला पाठ केली. उंबर ओढ्याकाठी होता तो कधीच पडला, पण जागा माहीत होती. तिथून पुढं गाडी. खडकाच्या पायरीचा घाट म्हणजे जव्हारचा चढ, असं मी मनाशी धरलं. एसटी वळणं घेत वर चढली तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, भागे, बरोबर चाललोय.

जव्हारला उतरलो तर बाजाराचा दिवस. शिमगा जवळ आलेला, वीटभट्टीवरून माणसं परतलेली, सगळ्यांच्या हातात पिशव्या. बांगडीवाल्याच्या गल्लीत बायका हात पुढं करून बसलेल्या. मी त्या गल्लीतून जाणार होतो, पण मागं फिरलो आणि लांबून गेलो. वडापाव घेतला. तिखट होता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्याच्यानंच.

जीपवाल्याला म्हटलं, "वाटेत डाव्या हाताला देवाचा दगड लागला की मला सांग."

तो म्हणाला, "बाबा, ह्या रोडला दगडाला दगड देवाचा हाये. लोकेशन सांगा ना."

मी त्याला गाणं सांगितलं. म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. जीपमधली माणसं हसायला लागली. मागं बसलेला एक जण, मुंबईला काम करून आलेला, म्हणाला, "चाचा, ये तो पूरा मॅप है, पर पुराना है. अपडेट करना पडेगा." सगळे परत हसले. मीही हसलो, काय करणार.

डाव्या हाताला शेंदूर लावलेले दगड लागले. एक नाही, कितीतरी. प्रत्येकाला मी गप्प राहून हात जोडले, कारण गाण्यात बोलू नको म्हटलंय. शेवटी शेवटी तर मैलाच्या दगडालासुद्धा हात जोडून टाकले.

मेव्हण्याच्या घरी

भागीचं माहेर पोशेऱ्याच्या बाजूला, रस्त्यापासून आत एका पाड्यावर. घरात आता तिचा भाऊ राघो आणि त्याची बायको. मी उंबऱ्यात उभा राहिलो तर राघो रडायलाच लागला. आमच्या घरी मेलेल्याचं नाव वर्षभर कुणी मोठ्यानं घेत नाही. इथं सगळे भागी असं म्हणायची, भागी तसं करायची. मला कुठं बघावं ते कळेना. चुलीकडं बघत बसलो.

वहिनीनं कोरा चहा दिला, मग जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि भाजलेली सुकट. आम्ही भात खाणारी माणसं. पण भागी आमच्या घरी आली तेव्हा तिला भातानं पोट भरल्यासारखं वाटत नसे, भाकरीच पाहिजे म्हणायची. त्या दिवशी ती भाकरी खाताना मला ते पटलं. आता पटून काय उपयोग.

जेवल्यावर मी डबी काढली. म्हटलं, "राघो, पाणी दाखव. सोडतो आणि मोकळा होतो."

"कुठलं पाणी, दाजी?"

"गाण्यातलं. करंजाखालचं, दगडातलं."

राघो म्हणाला, "आमच्याकडं करंज नाय. कधीच नव्हता. आमचं पाणी नदीचं, आता बोअर मारलाय."

"मग खालची विहीर?"

"ती सरकारी हाये, माझ्या लग्नाच्या वेळी खणली."

मला राग आला. म्हटलं, "अरे, तुझी बहीण जन्मभर गात होती, आणि तू म्हणतो पाणी नाही?"

"मी कशाला खोटं बोलू? नाय ते नाय."

चुलीपाशी वहिनी हसत होती. मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला काय झालं हसायला?"

ती म्हणाली, "भाऊजी, माझ्या गाण्यात पाणी जांभळीखाली हाये. पायऱ्या नायत, नदी ओलांडायची हाये. ह्या घरात जितक्या बाया आल्या तितकी पाणी. भागीवन्सं गायच्या ते माझ्या सासूचं. त्यांनी ते लेकीला दिलं."

"मग?"

"मग काय? सासू ह्या घरात नांदायला आल्या ना? ते ह्या दारापासून त्यांच्या माहेराला जायचं गाणं. तुम्ही जामसरवरून सुरू केलं व्हय?"

राघो मांडीवर हात मारून हसला. "दाजी, तुम्ही दुसऱ्याच्या बायकोच्या वाटेनं निघालात!"

मी दाराबाहेर बघितलं. अंगणाच्या टोकाला जुना वड होता. त्या वडाखाली माझं लग्न लागलं होतं. एवढ्या वेळा आलो-गेलो, पण गाण्यातला वड तो, हे कधी डोक्यात आलं नाही, कारण वड आमच्याही दाराशी आहे.

आता खरा घोळ झाला. भागीला स्वतःच्या माहेरचं पाणी पाहिजे होतं का तिच्या आईच्या माहेरचं? तिला ठाऊक होतं का, की हे आईचं आहे? का आईनं दिलं म्हणून तेच आपलं धरून चालली? विचारावं तर कुणाला? जिला विचारायचं ती असती तर हा खटाटोपच नव्हता.

राघो म्हणाला, "नदीत सोडा दाजी, काय फरक पडतो. आईचं माहेर डोंगराच्या पल्याड करंजपाड्याला. मी लहान असताना एकदा गेलतो आईच्या कडेवर. आता तिकडं आपलं कोण हाये?"

मी म्हटलं, "फरक पडतो का नाही ते मला कळत नाही. पण तिनं नदी म्हटलं नाही."

राघोचा गुडघा गेलेला, त्याला डोंगर चढवत नाही. वहिनीनं भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला.

उजवीकडची वाट

सकाळी वडाला पाठ केली. समोरच उंबर! खोड असं वाकडं की खरंच हात द्यावा लागतो. त्याच्यापुढं खडकात पायऱ्या, पावसानं झिजलेल्या. जामसरपासून मी प्रत्येक गोष्ट ओढूनताणून बसवत आलो होतो, आणि इथं न बसवता बसत होती. पळस फुलला होता, खाली मोह पडायला लागला होता, वास सुटलेला. सगळा डोंगर लाल दिसत होता आणि त्यात माणूस एकही नाही.

पायऱ्या चढताना चपलेचा अंगठा तुटला. तुटलेली चप्पल हातात घेऊन चढलो.

वर देवाचा दगड होता, डावीकडंच, शेंदराचा थर बसलेला. मी दम घ्यायला टेकलो आणि तोंडातून निघालंच, "काय रे, अजून किती लांब?" मग आठवलं, बोलायचं नाही. आता बोललो ते बोललो.

तिथून वाट फुटते. सरळ जाणाऱ्या वाटेला वनखात्याचं तारेचं कुंपण, आत रोपं लावलेली. मला वाटलं वाट बंद केली. उजवीकडची चांगली मळलेली. तीच धरली.

ती एका पाड्यावर निघाली. बहुतेक घरांना कुलपं. माणसं अजून भट्टीवरून यायची होती. एका ओट्यावर एक डोकरा दोरी वळत बसला होता. त्यानं आधी पाणी दिलं, मग विचारलं, "कोणाकडं?"

मी करंजपाडा म्हटलं. तो म्हणाला, "चुकलास. करंजपाडा कुंपणाच्या कडेकडेनं. कुणी सांगितलं इकडं यायला?"

मी म्हटलं, "कुणी नाही. गाण्यात तर नकोच म्हटलंय, 'उजवीकडं वाट फुटे, तिकडं आपलं कुणी नाही'."

डोकऱ्यानं दोरी खाली ठेवली. "आमच्या पाड्याला म्हणतात असं? आपलं कुणी नाही?"

"गाण्यात आहे, माझं नाही ते."

"आगं, ऐकलंस का!" त्यानं आत हाक मारली. त्याची डोकरी बाहेर आली. तिला सगळं परत सांगावं लागलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "त्या करंजपाड्याच्या बाया पहिल्यापासून तशाच. आमच्या गाण्यात काय हाये ते ऐक. 'डावीकडं करंजपाडा, तिथं थांबू नको बाई, रिकामी त्यांची घागर, तुला देणार नाही.'"

आणि मला म्हणाली, "तुला पाणी दिलं का आम्ही?"

"दिलं."

"मग सांग जा त्यांना."

मग मला जेवल्याशिवाय सोडायलाच तयार नाहीत. वरईचा भात आणि वालाचं बिरडं. माझी भाकरी तशीच राहिली. डोकऱ्यानं वळलेल्या दोरीनं चपलेचा अंगठा बांधून दिला. मी विचारलं, "ह्या दोन पाड्यांचं भांडण कशावरून?" तो म्हणाला, "आमची लेक तिकडं दिलीय, त्यांची इकडं आणलीय." मी म्हटलं, "मग भांडण कुठं आहे?" तो म्हणाला, "तेच तर सांगतोय." मला काही समजलं नाही.

निघताना डोकरी म्हणाली, "बांगड्या आमच्या पाण्यात टाक की. आमचं पाणी गोड हाये." खरं सांगतो, मी क्षणभर विचार केला. दमलो होतो. आणि आपलं कुणी नाही म्हटलेल्या जागी दोन माणसांनी मला पोटभर घातलं होतं. मग गाण्यावर विश्वास ठेवायचा तरी किती? पण डबी उघडायला हात होईना.

करंजपाडा

कुंपणाच्या कडेनं गेलो. उतार लागला. करंजाची सावली आली, तीही एका झाडाची नाही, सगळी रांग. पण पाणी दगडाखाली निजलेलं नव्हतं. तिथं सिमेंटची टाकी, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप, आणि खाली नळ. नळावर बायकांची रांग, हंडे, कळश्या, आणि भांडण.

मी विचारलं, "दगडातलं पाणी कुठं आहे?"

एक म्हणाली, "हेच ते. टाकीत घेतलंय. आजा, पियाचं हाये का?"

मी म्हटलं नाही, आणि डबी काढून सांगितलं. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या.

"काच? टाकीत काच टाकणार?"

"पोरांच्या पोटात गेली मंजे?"

"कुलपाची चावी बी नाय आमच्याकडं."

"कुणाची कोण बाई, तिच्यासाठी आमचं पाणी नासवायचं?"

मी म्हटलं, "कुणाची कोण नाही. तिच्या आईचं माहेर हे."

"नाव काय आईचं?"

आणि तिथं मी अडकलो. सासूला मी जन्मभर आई म्हटलं. नाव राघोला विचारायचं राहिलं. माहेरचं नाव तर त्यालाही ठाऊक नसणार.

त्यांनी सोमी डोकरीला बोलावलं. पाड्यातली सगळ्यात म्हातारी. काठी टेकत आली, माझ्याकडं बघितलं, डबीकडं बघितलं. मी सांगितलं, सासू पोशेऱ्याकडं दिलेली, वडाच्या घरात. सोमी म्हणाली, "हां हां, उंच होती ती." मी म्हटलं, "नाही, ठेंगणी होती." म्हणाली, "मग ती नव्हं." थोड्या वेळानं म्हणाली, "ठेंगणी बी एक होती." आता ह्याच्यावर काय समजायचं?

मी ओरडलो. लिहितो ते खरं लिहितो. म्हटलं, "मी जामसरवरून आलोय. बाई मेली माझी. एवढंच एक मागितलं तिनं. जन्मात दुसरं काही मागितलं नाही. तुम्ही सांगा, हे ते पाणी आहे का नाही?"

नळ चालूच होता, हंडा भरून वाहत होता, तरी कुणी बाजूला करेना.

सोमी म्हणाली, "गाणं म्हण."

"मी?"

"मग मी म्हणू? तुझ्या बायकोचं हाये."

बाईचं गाणं, त्यात माझा गळा फुटका. मी वडापासून सुरू केलं. दोन पोरींनी पदर तोंडाला लावला. पायरीनं घाट चढलो तोवर त्या हसायच्या थांबल्या. 'तिकडं आपलं कुणी नाही' आलं तेव्हा चार-पाच जणींनी माझ्याबरोबर म्हटलं, तेवढंच जोरात, त्या दुसऱ्या पाड्याकडं हात करून. मला ती डोकरी आठवली, वरईचा भात आठवला. पण सांगितलं नाही.

'पाणी दगडाखाली निजलं, जागं झालं माझ्या पाउली' म्हटलं आणि थांबलो.

सोमी म्हणाली, "पुढं?"

"पुढं नाही. पुढं ती नुसती हूं हूं करायची."

"सासरी गाताना हूं हूंच करायचं असतं," सोमी म्हणाली. "पुढचं सासरी म्हणायचं नसतं. सासूनं ऐकलं तर म्हणंल, हिचं मन इथं नाय. ते पाण्यावर पोचल्यावर म्हणायचं." आणि तिनं म्हटलं, बसक्या आवाजात. बाकीच्यांनी मागून धरलं:

घागर ठेव ग खाली, तोंड पाहू दे ग बाई
किती दिस राहणार, आज इचारायचं नाही

मी तिथं खालीच बसलो, नळाच्या चिखलात.

आमच्याकडं, सगळीकडंच, लेक माहेरी आली की पहिला प्रश्न तोच. भाऊ विचारतो, भावजय विचारते, शेजारीण विचारते. प्रेमानं विचारतात, पण विचारतात. राघोकडं आम्ही गेलो की तोही विचारायचा, आणि भागी म्हणायची, "उद्याच निघते." कायम उद्याच. गुरं आहेत, पोरं आहेत, भात आहे.

बांगड्या टाकीत सोडू दिल्या नाहीत. ते बरोबरच होतं, पिण्याचं पाणी आहे. टाकीतून जास्तीचं पाणी वाहतं ते खाली एका खड्ड्यात साचतं, तिथं म्हशी पाणी पितात. सोमीनं तिकडं काठी दाखवली. मी म्हटलं, "म्हशीच्या पाण्यात?" ती म्हणाली, "टाकी आत्ताची हाये. पाणी पहिल्यापासून तिथंच निजायचं. बघ, दगड हाये का नाय?"

होता. मोठा, काळा, खालून गार. एका बाईनं स्वतःचा हंडा ओतून तो धुतला. पाण्यासाठी इतका वेळ भांडत होती ती. दगडाखाली हात घालून मी माती उकरली, फडक्यासकट बांगड्या खोल ठेवल्या, म्हणजे गुराच्या पायाला लागायच्या नाहीत, आणि वर दगडच दगड रचले. डबी सोमीनं मागितली, तंबाखू ठेवायला. दिली.

मग सगळ्या आपापल्या हंड्याकडं गेल्या. एक तरुण बाई, पाण्यानं भिजलेली, डोक्यावर चुंबळ, मला म्हणाली, "आजा, रातच्याला राहणार ना? का किती..." सोमीनं तिच्या दंडावर चापट मारली. ती जीभ चावून हसली.

मी राहिलो नाही. उजेड असताना पायऱ्या उतरायच्या होत्या. ते भागीचंच पाणी का तिच्या आईचं का उंच असलेल्या दुसऱ्याच कुणा बाईचं, मला माहीत नाही. लेकीनं विचारलं तेव्हाही हेच सांगितलं. चढावर येऊन एकदा मागं बघितलं. करंजाखाली सावली होती, बायका होत्या, नळावरचं भांडण परत सुरू झालं होतं. भागीला मी तिथं सोडलं आणि काही न विचारता निघालो.